‘रीजनल थिएटर’ला ‘प्रादेशिक रंगभूमी’ म्हणावं का?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहराच्या गथ्री थिएटरवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘रीजनल थिएटर’साठी ‘प्रादेशिक रंगभूमी’ चालेल का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणेन, नको. ‘प्रादेशिक’ म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात भाषा येते: प्रादेशिक चित्रपट, प्रादेशिक बातम्या. त्याला वाटेल, तिथे मिनेसोटाच्या बोलीतली नाटकं होत असतील. प्रत्यक्षात ७ मे १९६३ला गथ्रीचा पडदा उघडला तो ‘हॅम्लेट’ने.

इंग्रजी शब्दातला ‘प्रदेश’ मोजलाय न्यूयॉर्कपासून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कित्येक शहरांना स्वतःची ‘स्टॉक कंपनी’ असे. (इथे ‘साठा’ नका लिहू. पदरी ठेवलेले नट असा त्याचा अर्थ. आपल्याकडे राजापार्ट, स्त्रीपार्ट ठरलेले असत, तशाच तिथेही नायकाच्या, खलनायकाच्या, म्हाताऱ्याच्या भूमिका वाटलेल्या असत.) पुढे रेल्वेचं जाळं पसरलं, न्यूयॉर्कहून अख्खं नाटक सामानसुमानासह गाडीने येऊ लागलं आणि गावोगावच्या या कंपन्या मोडल्या. १९४७मध्ये डॅलसला मार्गो जोन्स आणि ह्यूस्टनला नीना व्हॅन्स यांनी पुन्हा शहराचं स्वतःचं नाटक उभं केलं. मार्गो जोन्सबाईंनी तर नाट्यगृहाचं नावच ‘थिएटर ’४७’ ठेवलं आणि दर नव्या वर्षी ते बदललं: ’४८, ’४९... मला हे फार आवडतं. १९५०मध्ये वॉशिंग्टनला अरीना स्टेज ही नाट्यसंस्था निघाली. अशा संस्थांनी १९६६मध्ये संघटना काढली, तेव्हा नावात ‘रीजनल’ नाही, ‘रेसिडेंट’ घेतलं: लीग ऑफ रेसिडेंट थिएटर्स. अर्थ याच शब्दात आहे. एका शहरात घर करून राहिलेली, नफ्यासाठी न चालवलेली व्यावसायिक मंडळी.

म्हणून मी ‘स्थायिक नाटक मंडळी’ सुचवतो. ‘मुक्कामी’ही मनात आलं होतं, पण आपल्या नाटकवाल्यांचा मुक्काम हलण्यासाठीच असायचा. किर्लोस्कर मंडळींचं बिऱ्हाड आज या गावी, उद्या त्या गावी. ‘मंडळी’ शब्दाला ही फिरस्तीची सवय आहे, तेव्हा ‘स्थायिक’ हे विशेषण गाळू नका.

‘रेपर्टरी’ ही वेगळी गोष्ट. मुळात लॅटिनमध्ये तो वस्तू सापडावी म्हणून केलेल्या यादीचा शब्द. नाटकात त्याचा अर्थ, बरीच नाटकं एकाच संचाने तयार ठेवून आलटून पालटून करणं. गथ्रीच्या पहिल्याच हंगामात ह्यूम क्रोनिन मोलिएरचा कंजूष हार्पागॉनही होते आणि आर्थर मिलरचा थकलेला विक्रेता विली लोमनही. किर्लोस्कर मंडळींनी ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ असंच हाताशी ठेवलं होतं. हिंदीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रेपर्टरीला ‘रंगमंडल’ म्हणतात. मराठीत नुसतं ‘रेपर्टरी’ रुळलंय, तेच ठेवा.

तुमचं वाक्य मग असं होईल: ‘गथ्री ही मिनियापोलिसची स्थायिक नाटक मंडळी रेपर्टरी पद्धतीने सुरू झाली.’ लेखात टोनी या अमेरिकी नाट्य-पुरस्काराचा उल्लेख असेल, तर तिथे मात्र ‘रीजनल थिएटर’ तसंच राहू द्या. १९७६मध्ये अरीना स्टेजला मिळालेल्या सन्मानाचं ते नाव आहे, आणि नावाचं भाषांतर करू नये.