नाश्त्याआधी म्हणजे नेमकं कधी?

वाचकांचे प्रश्न : डॉक्टर आणि रुग्ण

प्रश्न : सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. मधुमेहाची गोळी चार महिन्यांपासून चालू आहे. नाशिकला दाखवायला नेतो तेव्हा डॉक्टर विचारतात, "कळलं ना?" आणि त्या मान डोलावतात. घरी आल्यावर काहीच सांगता येत नाही. हल्ली अधूनमधून सकाळी दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. डॉक्टरांना किती विचारायचं, असा संकोच वाटतो.
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : आधी घामाचं बघा. साखर उतरल्याची ही लक्षणं असू शकतात. ग्लुकोमीटर असेल तर लगेच मोजा. साखर ७०च्या खाली असेल, किंवा घरात यंत्रच नसेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या, मग भाकरी खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. आणि पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. यात संकोच नकोच.

असं का होत असावं? मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, दिवसाच्या पहिल्या खाण्याला जोडून घ्यायच्या असतात. चिठ्ठीवर १-०-० (म्हणजे सकाळी एक, दुपारी आणि रात्री नाही) आणि 'नाश्त्याआधी' असं लिहिलेलं असतं. पण द्राक्षबागेच्या घरात साडेसहाला चहा होतो आणि भाकरी अकराला. नाश्ता असा वेगळा नसतोच. गोळी चहाबरोबर पोटात गेली, की जेवण होईपर्यंत चार-साडेचार तास ती साखर उतरवत राहते. डॉक्टरांचं सांगणं बरोबर, सासूबाईंचं वागणंही त्यांच्या समजुतीनं बरोबर. घोळ त्या एका शब्दानं केला. गोळीची वेळ मात्र स्वतःहून बदलू नका, ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

पुढच्या खेपेला दोन कामं करा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्णं आणि काढेसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. कागदाच्या चिठोऱ्यावर सासूबाईंच्या चहाच्या, भाकरीच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या खऱ्या वेळा लिहा. आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य घामाचंच बोला, ते शेवटी दारात सांगायला ठेवू नका. निघण्यापूर्वी म्हणा, "डॉक्टर, मी सांगून बघते, चुकलं तर सांगा." आणि कोणती गोळी किती वाजता, ते सासूबाईंना ऐकू जाईल असं बोलून दाखवा.

प्रश्न : नाशिकरोडला माझी ओपीडी आहे. सकाळच्या वेळात पन्नासेक रुग्ण होतात. प्रत्येकाचं ऐकत बसलो तर दुपार उलटेल. सहानुभूती आणि घड्याळ यांचा मेळ कसा घालायचा?
– एक डॉक्टर

उत्तर : रुग्णाला बोलू दिलं तर तो थांबणारच नाही, ही भीती जवळजवळ प्रत्येक डॉक्टरला असते. २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या ओपीडीत हे मोजून पाहिलं गेलं. ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिलं. सरासरी ९२ सेकंदांत त्यांचं सांगून झालं, ७८ टक्के दोन मिनिटांच्या आत थांबले. मध्येच तोडलं की खरी तक्रार मागे राहते आणि रुग्ण दाराशी पोचल्यावर म्हणतो, "आणखी एक, छातीत जरा गॅस होतो." हा 'गॅस' आम्हाला सगळ्यात धोक्याचा शब्द वाटतो. ढेकर, जळजळ, धाप, चालताना छाती भरून येणं, या सगळ्याला लोक गॅसच म्हणतात. म्हणून "गॅस म्हणजे नेमकं काय होतं? कधी होतं? चालताना वाढतं का?" हे विचारायलाच हवं. आणि "अजून काही?" हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा.

"कळलं का?" हे विचारणं सोडा. त्याचं उत्तर नेहमी "हो" असंच येतं, कारण "नाही" म्हणणं माणसाला कमीपणाचं वाटतं. त्याऐवजी "मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल?" असं विचारा. चुकायची जबाबदारी स्वतःवर घेतली, की समोरचा मोकळा होतो. सुरगाणा, पेठ, बागलाणहून आलेल्या माणसाची बोली वेगळी असेल तर हे जास्तच जपा.

म्हातारी समोर बसलेली असताना सगळं मुलाशी बोलू नका, नजर आधी तिच्याकडे हवी. आणि "घाबरू नका" यानं कुणाची भीती जात नाही. "तुम्हाला कशाची भीती वाटतेय?" असं विचारलंत तर बहुतेक वेळा एका वाक्यात उत्तर मिळतं: शेजारचा असाच गेला, किंवा खर्च झेपणार नाही. मग बोलणं त्यावर होतं.

प्रश्न : दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं आहे. रुग्णालयाकडे फाइल मागितली तर राग येईल का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : मागा, तो तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार, रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. अर्ज लेखी करा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.