डिस्कवरचा तांबेरा आणि नव्या गाडीची धास्ती

दसऱ्याला गाड्या दारात आल्या आणि त्याच आठवड्यात परतीच्या पावसाने मुक्काम ठोकला. म्हणून या वेळच्या प्रश्नांत निम्मे एकाच गोष्टीचे आहेत, ब्रेकच्या डिस्कवर चढलेल्या गंजाचे, सोबत चाकाच्या आत मोबाइल घालून काढलेले फोटो. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा काही निवडक प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : दसऱ्याला नवी गाडी घेतली. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरीच धुतली. सकाळी पाहतो तर पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क तांबूस! शोरूमवाले म्हणतात, काही होत नाही, चालवा. शेजारी म्हणतात, यार्डात पडलेला जुना माल गळ्यात मारला. बाजूलाच माझी सात वर्षांची मोटारसायकल उभी असते, तिची डिस्क मात्र चकचकीत आहे. खरं काय? (उदगीर)

उत्तर : शोरूमवाले बरोबर सांगतात. हे वाक्य मी वर्षातून एकदाच लिहितो, तेव्हा कात्रण काढून ठेवा.

कारची डिस्क बिडाची असते. बीड म्हणजे जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. घरी धिरड्यांचा बिडाचा तवा असेल तर एकदा घासून ओलाच ठेवून बघा. सकाळी त्यावर हाच रंग दिसेल. तव्यावर तेलाचं बोट फिरवून ठेवतात म्हणून तो टिकतो. डिस्कला ते करता येत नाही, आणि ब्रेक दाबल्यावर तिला आवळणारा पॅड जिथे घासतो तिथे रंगही देता येत नाही. उघडं लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज चढणारच. दमट हवेत तर त्याला रात्रही पुरी लागत नाही. गव्हावर तांबेरा पडला की पीक जातं. डिस्कवरचा हा तांबेरा पहिल्या चार ब्रेकांतच निघून जातो.

मोटारसायकलची डिस्क स्टेनलेस स्टीलची असते, म्हणून ती चमकते. मग कारला तीच का देत नाहीत? टनभर वजनाची गाडी कन्नडचा घाट उतरते तेव्हा तिच्या वेगातली सगळी ताकद ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता बीड स्टेनलेसच्या जवळपास दुप्पट वेगाने पसरवतं. शिवाय बिडात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात. हे पापुद्रे थरथर गिळतात, त्यामुळे ब्रेक किंचाळत नाही. आणि बीड स्वस्तही पडतं. थोडा तांबूस रंग ही त्याची किंमत.

आता करायचं काय? मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, 40 च्या वेगाने जाताना पाच-सहा वेळा हळू ब्रेक दाबा. पहिल्या दोन वेळा खर्रर्र असा आवाज येईल, मग तो जाईल. उतरून पाहा, पॅड फिरतो तेवढा पट्टा पांढरा लख्ख झालेला असेल. बाहेरच्या कडेला आणि मधल्या टोपीवर मात्र गंज राहील. तिथे पॅड पोहोचतच नाही, तो गंज गाडीबरोबर म्हातारा होऊ द्या. फक्त हात लावू नका, ब्रेक मारल्यानंतर डिस्क चटका देते.

काळजी केव्हा करायची तेही सांगतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवूनही आवाज गेला नाही, ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल थडथडलं, किंवा घासल्या गेलेल्या पट्ट्यात नखाला लागतील असे खड्डे दिसले, तर मेकॅनिककडे जा. डिस्क किती झिजेपर्यंत चालते तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो, बहुतेक गाड्यांत नव्या जाडीपेक्षा साधारण 2 मिलिमीटर कमी. तुमच्या गाडीला तिथे पोहोचायला वर्षं आहेत.

प्रश्न : काका, आमच्याकडे ट्रॅक्टरच्या अवजारांना गंज लागू नये म्हणून जळकं ऑइल लावतात. तसं डिस्कला पातळ बोट लावलं तर चालेल का? (माजलगाव)

उत्तर : नाही. ऑइल नाही, डिझेल नाही, ग्रीस नाही, गंज सोडवायचा तो स्प्रेसुद्धा नाही.

मागे एकदा एक गृहस्थ माझ्या गॅरेजला गाडी ढकलत घेऊन आले होते. मुलाने मोठ्या प्रेमाने चारही चाकांना तेल पाजलं होतं. पहिल्याच वळणाला ब्रेक लागेना आणि गाडी बाभळीच्या कुंपणात. माणसं सुखरूप, बंपर गेला. ब्रेक क्लीनरने धुऊन डिस्क वाचल्या, पण पॅड फेकावे लागले, कारण पॅडमध्ये मुरलेलं तेल निघत नाही. नांगराच्या फाळाला तेल लावा, तो कोणाला थांबवत नाही.

प्रश्न : मुलगा पुण्याला असतो, गाडी इथे महिना-महिना उभी राहते. पावसात वीस दिवस उभी होती. काढायला गेलो तर हलेचना, मग खट्कन आवाज होऊन सुटली. काही तुटलं का? (नांदेड)

उत्तर : बहुधा नाही. गाडी ओली असताना हँडब्रेक ओढून ठेवला असणार. लहान गाड्यांना बहुतेक मागे डिस्क नसते, ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बंद डबा असतो, आणि हँडब्रेक तिथेच लागतो. आतलं लायनिंग ड्रमला दाबून बसतं, मध्ये ओल राहते, गंज धरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. ते सुटतात तेव्हा तो खट् आवाज येतो. पुन्हा असं झालं तर पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे, मग रिव्हर्समध्ये हळूच मागे घेऊन बघा. तरी सुटली नाही तर ॲक्सिलरेटर दाबून ओढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

जास्त दिवस उभी करायची असेल तर आधी किलोमीटरभर चालवून, ब्रेक मारत मारत चाकं कोरडी करा. मग सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढे-मागे विटा लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. उतारावर हे करू नका. आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी ती वीस मिनिटं खरोखर चालवावी. जागेवर इंजिन घुमवून बॅटरी धड भरत नाही, ब्रेकला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने धुतलं की काळ्या गाडीवर पांढरे ठिपके पडतात. टँकरच्या दिवसांत तर घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी वापरतो. बरोबर आहे ना? (लातूर)

उत्तर : 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या गावाला पाणी वाचवायचं मी काय शिकवणार! पण आरओच्या पाण्याबद्दल थोडं ऐका. आरओ गोड पाणी तुमच्या पेल्यात देतो आणि क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतो. म्हणजे बाहेर पडणारं पाणी बोअरपेक्षाही खारं. चाकांच्या कमानीतली काळी माती भिजवून काढायला ते वापरा, रंगावर शेवटचा हात मात्र त्याने फिरवू नका.

ठिपके म्हणजे पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेला चुना. म्हणून उन्हात धुऊ नका. सकाळी लवकर, एक बादली शाम्पूची, एक साध्या पाण्याची, आणि एक एक भाग धुऊन लगेच पुसायचा. कपड्यांची पावडर नको, आणि कोरड्या फडक्याने धूळ झटकणं तर मुळीच नको, त्यातली वाळू रंगावर रेघा ओढते. जुन्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून फडक्याने लावा आणि लगेच धुऊन टाका. घरच्या एसीतून ठिबकणारं पाणी साठवत असाल तर शेवटचा हात त्याचाच. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. मी स्वतः उन्हाळाभर तेच करतो, बायकोच्या तुळशीचा वाटा काढून.

प्रश्न : शोरूमवाले खालून गंजरोधक कोटिंग करा म्हणून मागे लागलेत. करू का? (धाराशिव)

उत्तर : कारखान्यातच बॉडी रंगाच्या हौदात बुडवून निघते आणि खालच्या सांध्यांना सीलंट लागतं. समुद्र तुमच्यापासून कोसभर नाही, शेकडो किलोमीटर दूर आहे. रत्नागिरीच्या माणसाला मी वेगळं सांगेन. घाईघाईने मारलेलं कोटिंग दारांखालची पाणी निघायची भोकं बुजवतं, मग गंज आतून येतो. पैसे ठेवा, चांगल्या फ्लोअर मॅट घ्या.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीच्या डिस्क जास्त गंजतात असं ऐकलं. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : खरं आहे. पाय उचलला की मोटरच गाडी ओढून धरते आणि बॅटरी भरते, त्यामुळे पॅडला काम उरत नाही. डिस्क रिकामी बसते आणि तिच्यावरचा गंज घासून निघत नाही. म्हणूनच फोक्सवॅगनने आयडी 3 आणि आयडी 4 या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे मुद्दाम बंद ड्रम दिले आहेत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रिजनची, म्हणजे मोटरच्या या ओढीची, पातळी सर्वांत खाली आणून पाच-सहा नेटाचे ब्रेक मारा.

प्रश्न : पाडव्याला गाडी आणायची आहे. ताब्यात घेताना काय पाहू? आणि पहिले हजार किलोमीटर खरंच जपावे लागतात का? (अंबाजोगाई)

उत्तर : ताई, हार घालण्याआधी पाहा, नंतर कोणी ऐकत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. 3225 असेल तर टायर 2025 च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. चासी नंबर कागदाशी जुळवा. डिस्क थोडी तांबूस असेल तर सोडून द्या. काचेच्या कडा आणि बंपर मात्र उजेडात वाकून पाहा.

हजार किलोमीटर जपायचे म्हणजे हळू चालवायची असं नाही. एकाच वेगावर तासन्तास नको, इंजिन ओरडवू नका, डिकी भरून घाट नको. पहिले तीनशे किलोमीटर पॅड आणि डिस्क एकमेकांना बसत असतात, तोवर गरज नसताना करकचून ब्रेक नको. पहिली सर्व्हिस पुस्तकात लिहिलेले किलोमीटर किंवा तारीख यातलं जे आधी येईल तेव्हा.

आणि पूजा मनासारखी करा. फक्त बॉनेटवरचं कुंकू त्याच संध्याकाळी भरपूर पाण्याने धुवा, रात्रभर दवात राहिलं की पांढऱ्या रंगात गुलाबी डाग उरतो. लिंबं चाकाखाली चालतील, पण नारळ दोन हात लांब फोडा आणि निघण्याआधी करवंट्या कोणालातरी वेचायला सांगा.