उकळूनही न बिघडणारं प्रोटीन

प्रश्न: अंडं उकडलं की घट्ट होतं ते प्रोटीनची घडी मोडल्यामुळे, असं शाळेत शिकलो. मग काही प्रोटीन्स उकळत्या पाण्यातही जशीच्या तशी राहतात म्हणतात ते खरं का? त्यांना धरून काय ठेवतं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: खरंय, आणि यातलं माझं आवडतं उदाहरण काँगोतलं आहे. १९६० च्या दशकात लोरेंट्स ग्रान हा नॉर्वेचा डॉक्टर तिथे रेडक्रॉसच्या कामाला होता, त्याने बघितलं की बाळंतपण लवकर व्हावं म्हणून बायका 'कलाता-कलाता' नावाच्या झुडपाचा काढा पितात, चांगला उकळून. आता एवढं उकळून, वर पोटात जाऊनही त्यातलं पेप्टाइड, म्हणजे छोटंसं प्रोटीन, काम करतं म्हणजे कमालच ना! त्याला नाव पडलं कलाता बी१, जेमतेम २९ अमिनो आम्लांच्या (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या घटकांच्या) साखळीचं. त्याची नीट रचना कळायला मात्र १९९५ उजाडलं, ऑस्ट्रेलियात डेव्हिड क्रेक यांच्या ग्रुपने ती काढली.

तर यात सिस्टीन हे अमिनो आम्ल सहा ठिकाणी येतं आणि त्यांच्या जोड्या लागून गंधक-गंधक असे तीन बंध होतात. त्यातले दोन बंध आणि मधले साखळीचे तुकडे मिळून एक छोटं कडं बनतं, आणि तिसरा बंध सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसा त्या कड्यातून आरपार जातो, म्हणजे एक गाठच बसते. शिवाय साखळीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे टोकापासून कुरतडत जाणाऱ्या एन्झाइमला सुरुवात करायला जागाच नाही. पण उष्णतेपुढे टिकण्याचं मुख्य श्रेय गाठीलाच, कारण साखळी एका जागी कापली तरी गाठ शाबूत असेल तर ते बऱ्यापैकी तग धरतं, आणि गंधकाचे बंध केमिकलने तोडले की घडी गेलीच.

अजून एक गंमत म्हणजे नेहमीच्या प्रोटीनमध्ये पाण्याला टाळणारे भाग आत दडतात आणि त्यानेच घडी टिकते, इथे आतली जागा गाठीनेच भरलेली म्हणून त्यातले बरेचसे भाग बाहेर येतात. त्यामुळे हे रेणू पेशीच्या पडद्याला चिकटून त्याला भोकं पाडतात, झाडाला किडीविरुद्ध त्याचाच उपयोग.

आणि हे बघायला काँगोला जायची गरज नाही, आपल्या कुंपणावरच्या गोकर्णातही याच जातीची पेप्टाइड्स सापडलीत. हल्ली कॅफेत मिळणाऱ्या गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या चहाचा रंग मात्र या पेप्टाइड्सचा नाही हं, तो अँथोसायनिन या रंगद्रव्याचा.