मूठ हाताला बसवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी आठवीत असून गेले सहा महिने बालेवाडीच्या क्रीडासंकुलात दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव करते. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप, म्हणजे मूठ, मध्यम मापाची आहे. तिचा हात लहान असल्याने तर्जनीचे जेमतेम टोक ट्रिगरला टेकते आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते. ओळखीच्या सुताराकडून ग्रिप तासून घ्यावी, असा आमचा विचार आहे. ते योग्य ठरेल का? (एक पालक, कोथरूड)

उत्तर: सुताराकडे जाण्याची घाई कृपया करू नका. पहिली गोष्ट म्हणजे ते पिस्तूल क्लबचे आहे आणि उद्या तीच ग्रिप दुसऱ्या मुलाच्या हातात जाणार आहे. दुसरी गोष्ट अशी की आपण वर्णन केलेली अडचण पुष्कळदा लाकडाला हात न लावता निम्म्याहून अधिक दूर होते. स्पर्धेच्या बहुतेक एअर पिस्तुलांत ट्रिगरचे पाते एका छोट्या पट्टीवर पुढेमागे सरकवता येते. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्याचा स्क्रू सैल करून पाते मागे घ्यावे आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल मध्यभाग त्यावर सरळ टेकतो का, ते पाहावे. बोटाचे नुसते टोक टेकत असेल, तर दाब सरळ मागे न जाता तिरका जातो आणि नेम अचूक असूनही गोळी बाजूला पडते. त्याच वेळी ग्रिपच्या खालच्या अंगाला असलेला तळहाताचा आधार, ज्याला मुले पाम रेस्ट म्हणतात, तोही वर सरकवून पाहावा. तो हाताच्या कडेला नुसता टेकलेला असावा. त्याने हात आवळला गेला, तर अंगठ्याचे मूळ नक्कीच दुखते.

एवढे करूनही मूठ मोठीच वाटत असेल, तर त्याच पिस्तुलाला बसणारी लहान मापाची स्वतंत्र ग्रिप घ्यावी आणि बदल तिच्यावरच करावेत. मुलीचा हात अजून वाढणार आहे. म्हणून माझा ठाम आग्रह असा की तासण्यापेक्षा भर घालण्याकडे कल ठेवावा, कारण भर खरवडून काढता येते आणि कापलेले लाकूड परत येत नाही.

कुठे भर घालायची आणि कुठे तासायचे, हे डोळ्यांनी ठरवू नये. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून आणि नळीतून सुरक्षेचा नारिंगी दोरा ओवूनच पुढचे करावे. मुलीच्या तळहाताला रंगीत खडूची बारीक भुकटी चोळावी, तिला नेहमीप्रमाणे ग्रिप धरायला सांगावी आणि मग हात अलगद काढून घ्यावा. जिथे रंग गडद उमटला तिथे लाकूड हाताला रुतते, आणि जिथे मुळीच उमटला नाही तिथे पोकळी आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बाबतीत अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्यात आणि करंगळीच्या मुळाशी ही तफावत सर्वाधिक दिसते. तर्जनीच्या बाजूलाही अवश्य पाहावे. हे बोट ट्रिगरखेरीज कुठेही टेकता कामा नये, आणि तिथे लाकडावर रंग आला असेल तर तेवढाच भाग गोल कानशीने हलके उतरवणे हा मला मान्य असलेला एकमेव तासण्याचा प्रकार आहे.

यानंतरची परीक्षा अधिक महत्त्वाची आहे. मुलीने हात उचलून नेम धरावा, डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि मनगटाने काहीही सावरून न घेता डोळे उघडावेत. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या नेमाच्या खाचेच्या मधोमध आणि समपातळीत दिसली, तर ग्रिप तिच्या हाताची झाली. माशी दर वेळी खालीच दिसत असेल, तर ग्रिपच्या मागच्या बाजूला, तळहाताची टाच टेकते तिथे, पातळ थर चढवल्याने नळीचे तोंड वर येते. ही परीक्षा एकाच दिवशी न घेता निदान चार वेगवेगळ्या दिवशी घ्यावी, कारण थकलेला हात आणि ताजा हात ग्रिप सारखी धरत नाहीत.

भर घालण्यासाठी बोहरी आळीत सहज मिळणारी दोन भागांची इपॉक्सी पुटी पुरते. ग्रिप स्क्रू काढून पिस्तुलापासून वेगळी करावी, त्या जागेवरचे पॉलिश खरवडावे आणि पुटीचा पातळ थर लावावा. वर पातळ प्लॅस्टिक पसरून, मऊ असतानाच, मुलीला हात दाबून ठसा उमटवायला सांगावे. पावसाळ्यात पुटी वाळायला एक जादा दिवस द्यावा, आणि घासताना तोंडाला मास्क बांधावा, कारण ती धूळ छातीला चांगली नाही. शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरचा असावा, मात्र पृष्ठभाग गुळगुळीत करू नये. घामेजलेल्या तळहातात गुळगुळीत ग्रिप स्पर्धेतल्या साठाव्या शॉटपर्यंत जागेवर राहत नाही.

स्पर्धेचे नियमही आधीच मनात ठेवावेत. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते, वजन १५०० ग्रॅमहून अधिक चालत नाही, आणि ग्रिपचा कोणताही भाग हाताला वेढणारा किंवा मनगटाला आधार देणारा नसावा. पाम रेस्टची किंवा अंगठ्याच्या आधाराची कड वर वळवणे निषिद्ध आहे. बाजूला पुटी चढवताना ५० मिलिमीटरची मर्यादा ओलांडली गेल्याचे स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर कळावे, हे त्या मुलीवर अन्यायाचे आहे. पट्टी घेऊन घरीच मोजावे.

प्रश्न: एअर पिस्तुलाचा ट्रिगर मला जड वाटतो. आतील स्प्रिंग कापून तो हलका करता येईल का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पिंपरी)

उत्तर: कापू नये. दहा मीटरच्या प्रकारात ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन पेलले पाहिजे आणि तपासणीत ते वजन टांगून पाहिले जाते. पिस्तुलाला वजन जुळवण्यासाठी बाहेरून फिरवायचा स्क्रू दिलेला असतो. तो पुरत नसेल तर बिघाड वेगळा आहे आणि तो जाणकार दुरुस्तीकारालाच दाखवावा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली पात्रता फेरी चालू असताना मनू भाकर यांचे पिस्तूल बिघडले आणि त्यांची मोलाची मिनिटे गेली. उत्तम निगा राखलेल्या साधनाचे असे होऊ शकते, तर कापलेल्या स्प्रिंगवर विसंबून मैदानात उतरणे कितपत शहाणपणाचे आहे, याचा आपणच विचार करावा.

प्रश्न: माझ्याकडे परवान्याचे .३२ पिस्तूल आहे. सेफ्टीची कळ (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली) अंगठ्याला लांब पडते. घरी तिच्यावर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून ती वाढवावी का? (एक व्यावसायिक, औंध)

उत्तर: हे मुळीच करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या छोट्या पोलादी भागाचा कडकपणा जातो, आणि ज्या खाचेत कळ अडते ती झिजून सेफ्टी लागल्यासारखी दिसते, पण लागलेली नसते. शिवाय बाहेर आलेली लांब कळ म्यानात किंवा शर्टाच्या कडेत अडकून आपोआप सरकू शकते आणि सेफ्टी नकळत निघू शकते. कायद्याच्या दृष्टीनेही, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीसाठी आणि रूपांतरासाठी वेगळा परवाना लागतो, बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडे पिस्तूल घेऊन जावे आणि त्याच पिस्तुलासाठी बनलेल्या मुठीच्या पातळ बाजूपट्ट्या मिळतात का, ते विचारावे. मूठ दोन-तीन मिलिमीटरने बारीक झाली की अंगठा पुष्कळदा कळीपर्यंत पोहोचतो. नेताना पिस्तूल रिकामे, मॅगझिन वेगळे आणि परवाना सोबत असावा.