रिसॉर्ट तुम्ही बांधलं, मग हॉटेल मॅनेजमेंट पोराने का करायचं?

कुडाळच्या एका वडिलांचं पत्र आलंय. हार्डवेअरचं दुकान आहे, दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला आठ रूमचं रिसॉर्ट बांधलंय, मुलाला बारावी सायन्सला ६४ टक्के पडलेत. ‘त्याला हॉटेल मॅनेजमेंटला घालायचंय, तो नाही म्हणतो. पाहुणे आले की मागच्या दाराने सटकतो आणि इन्व्हर्टर खोलत बसतो. एवढं सगळं रेडी आहे, त्याने फक्त बसायचंय. जरा समजवा, आणि परीक्षा कोणत्या द्याव्या लागतात तेही सांगा.’

दादा, मार्कांचं नंतर बघू, ते तुमचं ‘फक्त बसायचंय’ मी चार वेळा वाचलं. फक्त बसलेला मालक मी बघितलाय, आम्ही बॅगा घेऊन समोर उभे आणि हा मोबाइलमधून डोकं वर न काढता बोटाने रजिस्टर दाखवतोय. रूम चांगली होती हो, पण परत गेलो नाही.

तुमची गफलत अशी होतेय की रिसॉर्टचा हिशोब तुम्ही दुकानासारखा करताय. टाइल्सचा बॉक्स आज नाही गेला तर दिवाळीत जाईल, पैसे अडकतात पण माल कुठे जात नाही. रूमचं तसं नसतं, मंगळवारी रात्री तीन रूम रिकाम्या राहिल्या, २५०० ने धरा, तर ७५०० गेले ते गेलेच, बुधवारी तीच रूम दोनदा देता येत नाही आणि ख्रिसमसला पन्नास फोन आले म्हणून गोडाऊनमधून नववी रूम काढता येत नाही, आणि पावसाळ्यात स्कूबा बंद असतं तेव्हाचं तर विचारूच नका. नळ गळका निघाला तर तुम्ही बदलून देता, पाहुण्याची संध्याकाळ बिघडली तर काय बदलून देणार? नळ फॅक्टरीत बनतो, बनवणारा त्या दिवशी कसल्या मूडमध्ये होता याच्याशी गिऱ्हाइकाला काय देणंघेणं. इथे माल बनतो तोच पाहुण्याच्या डोळ्यांसमोर, वाढणाऱ्याच्या हाताने आणि तोंडाने. काल काकींनी केलेलं सुरमईचं तिखलं आणि आज दुसऱ्या कोणी केलेलं, रेट एकच, चव वेगळी. शिवाय पाहुण्याला आधी हातात घेऊन काही बघता येत नाही, म्हणून पुण्याहून तीन तीन फोन, गरम पाणी आहे ना, बीचवर चालत जाता येतं ना. गरम पाण्याचं त्याला पहिल्याच फोनला कळलेलं असतं, पुढचे दोन फोन असतात फोनवरचा माणूस कसा आहे ते चाचपायला.

आणि त्या फोनवर तुम्ही माणसं बघून पळणारा पोरगा बसवणार? कोर्स करून त्याला नॅपकिन फोल्ड करता येईल, बुफे लावता येईल, माणसांची आवड कुठून आणणार? परीक्षांचं विचारलंत म्हणून सांगतो, आयएचएम म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटसाठी एनसीएचएम या राष्ट्रीय कौन्सिलची जेईई ही प्रवेश परीक्षा आणि बाकी कॉलेजांसाठी राज्याची सीईटी, पण त्याचा फॉर्म तुम्ही भरू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही घाईघाईत एक ओळ लिहिलीय, ‘सध्या मोठी मुलगी बघते, बीकॉम आहे, रिव्ह्यूत लोक तिचंच नाव लिहितात, पण ती काय लग्न करून जाणार.’ अहो, गिऱ्हाईक नाव घेऊन सांगतंय आणि तुम्ही माल शोधत दुसऱ्या रॅकवर हात घालताय! तिला एकदा तरी विचारलंत का? तिला हवं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा टुरिझमचा डिप्लोमा काम सांभाळून करता येतो, आणि पगार द्या तिला, घरची आहे म्हणून फुकटात राबवू नका. लग्नानंतर कुठे राहायचं, काय करायचं ते तिचं ती ठरवेल, त्यासाठी आजच तिला हिशोबातून काढून टाकायची गरज नाही.

मुलाला बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, इलेक्ट्रिकल बघा, त्याला विचारून. आठ रूमचे एसी, गीझर आणि तो इन्व्हर्टर बिघडला की सध्या मालवणहून माणूस बोलावता ना, तो किती घेतो हो एका व्हिजिटचे?