सोनं, शाई आणि चामड्याची झडप

मागच्या अंकात पोथी आणि शिवलेलं पुस्तक यांच्या बांधणीतला फरक लिहिला, त्यावर आलेली बरीचशी पत्रं इस्लामी हस्तलिखितांबद्दल विचारणारी आहेत. जुनी पुस्तकं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तरं कलेच्या इतिहासापेक्षा टेबलावर उघड्या पडलेल्या पुस्तकाकडे बघूनच दिली आहेत.

प्रश्न : मुलाकडे डब्लिनला गेलो असताना चेस्टर बीटी संग्रहालयात इब्न अल्-बव्वाब यांच्या हातचं, हजार वर्षांपूर्वीचं कुराण पाहिलं. ते एवढं लहान असेल असं वाटलं नव्हतं. त्यातलं सोनं खरं आहे का? लिहिणारा आणि नक्षी काढणारा एकच होता की वेगवेगळे? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

सोनं खरं आहे. मात्र मिठाईवर वर्ख लावतात तसं ते सहसा लावलेलं नसतं. आधी वर्ख मधात किंवा डिंकाच्या पाण्यात खलायचा, भरपूर पाण्यात निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. तळाशी राहते ती सोन्याची बारीक पूड. तिच्यात थोडा बाभळीच्या जातीचा डिंक मिसळला की झाला सोन्याचा रंग. तो कुंचल्याने भरायचा. वाळल्यावर तो मातकट दिसतो, नवखा माणूस घाबरून जाईल इतका. अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटला की मग त्यातलं तेज वर येतं.

आता भिंगाखालची गोष्ट सांगते. अशा सोन्याची कड कधीच स्वच्छ नसते, कुंचला जिथे थांबला तिथे ती किंचित फुगलेली किंवा तुटलेली असते. आपल्याला नक्षीत जी धार दिसते ती सोन्याभोवती शेवटी फिरवलेल्या काळ्या शाईच्या बारीक रेघेची. त्या रेघेचा हात चुकला तर महागामोलाचं सोनं डागासारखं दिसतं. माझ्या मते संपूर्ण पानावर सगळ्यात अवघड काम हेच.

तुम्ही पाहिलंत ते पुस्तक हिजरी ३९१चं, म्हणजे इसवी सन १०००-१००१चं, बगदादमध्ये लिहिलेलं. २८६ पत्रं (म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहिलेली पानं), उंची साधारण १७.५ सेंटीमीटर, रुंदी १३.५. एका पानावर १५ ओळी, तपकिरी शाई, गोलाईची नस्ख लिपी. चर्मपत्राऐवजी कागदावर आणि अशा वाहत्या लिपीत लिहिलेल्या, आज शिल्लक असलेल्या अगदी सुरुवातीच्या कुराणांपैकी हे एक.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : बहुधा एकच माणूस. जुने चरित्रकार सांगतात की इब्न अल्-बव्वाब आधी घरांची रंगसजावट करायचे, मग पुस्तकं सजवू लागले आणि त्यानंतर सुलेखनाकडे वळले. म्हणजे कुंचला हातात आधीच बसलेला होता. त्यांची एक हकिकत याकूत या तेराव्या शतकातल्या लेखकाने नोंदवली आहे, ती मला फार प्रिय आहे. शिराझला बहा अद्-दौला या राजाचं ग्रंथालय त्यांच्याकडे होतं. तिथल्या पसाऱ्यात त्यांना इब्न मुक्ला या थोर लेखनकाराच्या हातचा कुराणाचा एक भाग मिळाला. शोधता शोधता ३०पैकी २९ भाग हाती लागले. एक मात्र सापडेना. राजा म्हणाला, तो तुम्ही लिहून पुरा करा. यांनी अट घातली : माझा कोणता हे तुम्हाला ओळखता आलं नाही, तर मानाचा पोशाख आणि १०० दिनार. मग त्यांनी ग्रंथालयातून त्याच पोताचा जुना कागद शोधला, त्यावर मजकूर लिहिला, नक्षी काढली आणि सोन्याला जुनेपण आणलं. यानंतरची युक्ती अस्सल बांधणीवाल्याची आहे. एका खऱ्या भागाचं जुनं चामडी वेष्टन काढून त्यांनी ते आपल्या भागाला चढवलं, आणि त्या खऱ्या भागासाठी नवं वेष्टन करून तेही जुनं दिसेल असं केलं. राजाने एकेक भाग उलटून पाहिला, त्याला ओळखता आलं नाही. बक्षीस काही वेळेवर मिळालं नाही, तेव्हा यांनी त्याऐवजी ग्रंथालयातला जुना कोरा कागद मागून घेतला आणि पुढे कित्येक वर्षं त्यावर लिहीत राहिले. कागद, शाई, सोनं, चामडं ही सगळी कामं एकाच माणसाला आतून ठाऊक होती, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मोठ्या कामांना मात्र माणसं वेगवेगळी असत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेलं बैबर्स जाशनगीर यांचं सात खंडांचं कुराण कैरोत १३०४ ते १३०६च्या दरम्यान झालं. बैबर्स तेव्हा ममलूकांच्या, म्हणजे इजिप्तवर राज्य करणाऱ्या सुलतानांच्या, दरबारातले बडे अधिकारी. पुढे १३०९मध्ये सुलतान झाले आणि वर्षभरातच मारले गेले. या सात खंडांत अख्खा मजकूर सोन्यात आहे, पानावर फक्त सहा ओळी. लिहिणारे मुहम्मद इब्न अल्-वहीद. नक्षीकारांमध्ये प्रमुख अबू बक्र, ज्यांना संदल म्हणत; सोबत मुहम्मद इब्न मुबादिर आणि ऐदुग्दी इब्न अब्दुल्ला. या साऱ्यांची नावं आज आपल्याला माहीत आहेत. मध्ययुगीन कारागिरांच्या बाबतीत असं फार क्वचित घडतं, म्हणून ती इथे मुद्दाम लिहिली.

आणखी एक. नक्षी शोभेसाठी असते असं तुमच्या पत्रात एका ठिकाणी आहे. मला ते पटत नाही. आयत, म्हणजे कुराणातलं एक वचन, संपली की खूण. पाचवी आयत संपली की सोन्यातलं ‘हे’ अक्षर, कारण अरबी अक्षरगणनेत त्याची किंमत पाच. दहावी संपली की समासात वेगळी खूण. नवा अध्याय सुरू होतो तिथे नक्षीची पट्टी, आणि तिला जोडून समासात डोकावणारा, झाडाच्या पानासारखा किंवा कमळासारखा एक आकार. अंगठ्याने पानं सोडत गेलात तर हा आकार कडेला दिसतो आणि अध्याय सापडतो. जिथे वाचता वाचता सज्दा करायचा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकायचं, तिथेही समासात खूण. तुम्ही पाहिलेल्या पुस्तकात सुरुवातीला सोनं-निळ्याची जी पानं आहेत, त्यांच्या चौकटींत ११४ अध्याय, ६२३६ आयती, शिवाय शब्द, अक्षरं आणि नुक्त्यांचीही (अक्षरांवरच्या-खालच्या टिंबांचीही) मोजदाद लिहिलेली आहे. नकलकाराने काही गाळलं नाही याची ही हमी, आणि ती पुस्तकाच्या सगळ्यात देखण्या जागी ठेवली आहे. निळा रंग लाजवर्दचा. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येत असे.

प्रश्न : जुन्या अरबी-फारसी पुस्तकांना पाकिटासारखी झडप का असते? आणि ती ‘उलट्या’ बाजूला कशी? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उलटी बाजू आपल्याला वाटते. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे आपण ज्याला मागचा पुठ्ठा म्हणू तो त्यांचा पुढचा. झडप शेवटच्या पुठ्ठ्याला जोडलेली असते. आधी पानांच्या मोकळ्या कडेवरून येणारी एक अरुंद पट्टी, मग तिला जोडलेला पाच बाजूंचा टोकदार तुकडा. पुस्तक मिटलं की हे टोक पुढच्या पुठ्ठ्याखाली सरकवतात. अरबीत याला पुस्तकाची जीभ म्हणतात.

हिचं काम समजायचं तर बाकीची बांधणी बघायला हवी. या पुस्तकांचे पुठ्ठे पानांच्या बरोबरीनेच कापलेले असतात. आपल्या पुठ्ठाबांधणीत पुठ्ठा पानांच्या जरा बाहेर येतो, तसा इथे येत नाही. पुस्तक फळीवर आडवंच ठेवायचं, नाव बहुतेक वेळा खालच्या कडेवर लिहायचं. म्हणजे मोकळी कड उघडी राहिली की धूळ थेट सोन्यावर. शिवाय कागद हवेतला ओलावा घेऊन फुगतो. झडप पानांना आवळून धरते. वाचताना खूण म्हणून तीच पानांत सरकवता येते. कुराणाच्या झडपेवर पुष्कळदा ५६व्या अध्यायातली आयत दाबून उमटवलेली सापडते : शुद्ध झालेल्यांखेरीज कोणी याला स्पर्श करत नाही. उघडण्याआधी हात जिथे लागणार, तिथेच ती लिहिली आहे.

पाठ सपाट असते. फर्मे, म्हणजे एकात एक दुमडून घातलेल्या पानांचे गठ्ठे, रेशमी दोऱ्याने एकमेकांत साखळीसारखे गुंतवून शिवतात, बहुधा दोनच जागी. पाठीवर आडव्या दोऱ्या नसतात. पाठीला खळीने कापडाचं अस्तर, वर आणि खाली दोन रंगांच्या रेशमाची विणलेली कड, तिच्यावर बाणासारखी नागमोडी नक्षी. पुठ्ठा सुरुवातीच्या काळात लाकडी फळीचा, पुढे कागदावर कागद चिकटवून केलेला. वर चामडं. ते दमट असताना तापवलेल्या छोट्या ठशांनी एकेक टिंब, एकेक गाठ दाबत जायचं. ममलूक काळातल्या वेष्टनांवर अशा दाबांची ताऱ्यांची जाळी भरलेली दिसते. पुढे इराणकडे मधोमध बदामाकार तरंज, म्हणजे नक्षीचं पदक, आणि चार कोपऱ्यांत त्याचे तुकडे ही मांडणी रूढ झाली, आणि आतल्या बाजूला चामड्याची कातरलेली जाळी रंगीत कागदावर बसवू लागले. आतली बाजू, जी मिटल्यावर दिसतही नाही!

चामड्यावर गरम ठशाने सोनं बसवण्याचं काम मगरिबमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या वायव्य भागात, लवकर साधलं. त्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक मराकेशमध्ये १२५६मध्ये लिहिलेल्या कुराणाचा आहे, आणि ते लिहिणारे खुद्द खलिफा उमर अल्-मुर्तदा. युरोपातल्या बांधणीवाल्यांनी ही विद्या पंधराव्या शतकात, मुख्यतः इटलीमार्गे, मुस्लिम कारागिरांच्या कामातून उचलली.

हे सगळं लिहूनही ठेवलेलं आहे, हे तुमच्या अभ्यासासाठी महत्त्वाचं. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतले राजे अल्-मुइझ्झ इब्न बादीस यांच्या नावावर शाई, रंग आणि बांधणीवरचा एक ग्रंथ आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे बक्र अल्-इशबीली यांनी तर केवळ बांधणीवर पुस्तक लिहिलं. स्वतः हात घातलेल्या माणसाचं ते लेखन आहे.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात एक फारसी हस्तलिखित आहे. पुठ्ठा सुटलाय, मजकुराभोवतीची हिरवी रेघ जिथे आहे तिथे पान फाटत चाललंय. बाइंडर म्हणतो, कडा कापून नवं रेक्झिन लावून देतो. द्यावं का? (मिरज)

देऊ नका. कृपा करून देऊ नका.

कडा कापल्या की समासातल्या टिपा, मालकांच्या मोहरा, आणि पानाच्या तळाशी लिहिलेला पुढच्या पानाचा पहिला शब्द हे सगळं कात्रीखाली जातं. हा शब्दच पानांचा क्रम सांगतो. पानं सुटली तर तेवढाच आधार उरतो. अशी पुस्तकं पाठ गोल करून, सरस थापून नव्याने बांधल्याने फार हानी झाली आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या आणि आपल्याकडच्याही संग्रहांत हे सर्रास झालं. सपाट पाठीचं पुस्तक गोल केलं की ते धड उघडत नाही, वाचणारा जोर लावतो, आणि घोटलेला कागद शिवणीपाशी मोडतो. झडप तर निरुपयोगी म्हणून फेकूनच दिलेली असते. असं पुस्तक टेबलावर आलं की मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्याची मूळ शिवण कशी होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

हिरवी रेघ बहुधा जंगालाची आहे, म्हणजे तांब्याच्या गंजापासून केलेल्या रंगाची. ते तांबं कागद जाळतं. आधी रेघेच्या मागच्या बाजूला तपकिरी छाया येते, मग कागद ठिसूळ होतो, मग चारही बाजूंनी तुटून मजकुराचा तुकडा खिडकीसारखा सुटून येतो. ओलाव्याने हे वाढतं. म्हणून तिथे पाण्यात कालवलेली खळ लावायची नाही, आणि चिकटपट्टी तर कधीच नाही. प्लास्टिकच्या आवरणात पान बंद करून देणारेही भेटतील, त्यांनाही नकार द्या.

तूर्त एवढं करा. सुटलेला पुठ्ठा, झडपेचा तुकडा असेल तर तोही, पुस्तकाबरोबरच ठेवा. पुठ्ठ्याचे थर सुटत असतील तर उकलू नका. जुन्या पुठ्ठ्यांमध्ये वापरून झालेली लिहिलेली पानं चिकटवलेली असतात, कधी कधी ती पुस्तकाहूनही जुनी निघतात. आम्लरहित कागदाची पेटी करून घ्या, पुस्तक त्यात आडवं ठेवा. उघडताना दोन्ही बाजूंना उशी द्या आणि पूर्ण सपाट उघडू नका. हात धुऊन कोरडे केलेले असले की पुरे, हातमोजे नकोत. त्यांत पान नीट जाणवत नाही आणि फाटतं. मग हस्तलिखितांवर काम केलेल्या संवर्धकाला दाखवा. संस्थेला द्यायची तयारी असेल तर आधी प्रत्येक पानाची छायाचित्रं घ्या, वेष्टनाचीसुद्धा, आतून-बाहेरून.

प्रश्न : असं काही महाराष्ट्रात पाहायला मिळेल का? (ठाणे)

ममलूक कैरोसारखं नाही, पण आपल्या मातीतलं एक जरूर पाहा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ आहे, अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं सोळाव्या शतकातलं सचित्र फारसी काव्य. आधी विचारून जा. आणि डब्लिनच्या पुस्तकाची पानं चेस्टर बीटीच्या संकेतस्थळावर मोठी करून बघता येतात. सुरुवातीची मोजदादीची पानं चुकवू नका.

कागजीपुऱ्याच्या हातकागदाबद्दल आलेले प्रश्न पुढच्या अंकात घेते.