नवव्या सिम्फनीवर लिहिताना

प्रिय विद्यार्थिमित्रा,

बीथोव्हेनची नववी सिम्फनी जपानात दर डिसेंबरला इतकी का गाजते, यावरचा तुझा मसुदा वाचला. ‘जपानी माणूस मुळातच समूहप्रिय’ हे वाक्य आधी काढून टाक. त्यातून काहीच उलगडत नाही. या सिम्फनीच्या चौथ्या, शेवटच्या भागात वाद्यवृंदासोबत गायकवृंदही गातो; म्हणून प्रत्येक प्रयोगाबद्दल एवढंच विचार: गायलं कोण, तिकिटं कोणी घेतली आणि तारीख तीच का?

जपानात ती पहिल्यांदा पूर्ण वाजली १ जून १९१८ रोजी, तोकुशिमा प्रांतातल्या बांदो छावणीत. वाजवणारे होते पहिल्या महायुद्धात चीनमधल्या त्सिंगताओत पकडलेले जर्मन युद्धकैदी. छावणीत बायका नव्हत्या, म्हणून सोप्रानो-आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या उंच आणि खालच्या आवाजांच्या, ओळी पुरुषांच्या गळ्याला बेतून घेतल्या. ३१ डिसेंबर १९४० ला जोसेफ रोझेनस्टॉक यांच्या संचालनाखाली ती रेडिओवरून गेली. पण वर्षअखेरचा मुहूर्त मूळचा जपानी नाही. लाइपझिगमध्ये आर्थर निकिश यांनी १९१८ च्या शेवटच्या रात्री कामगारांसाठी हीच सिम्फनी केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी वाद्यवृंदांना वर्षअखेरीस पैशांची चणचण असे. हौशी गायकवृंद उभा केला की प्रत्येक गाणाऱ्यामागे घरचे, ओळखीचे तिकीट काढून येतात. ओसाकात १९८३ पासून दहा हजारजण एकत्र गातात. हा हिशेब मांडल्याशिवाय ‘संस्कृती’ हा शब्द वापरू नकोस.

गाण्याकडेही कान दे. गायकवृंदाच्या ओळी जर्मन आहेत. त्यातला ‘फ्रॉयडं’ (आनंद) हा शब्द जपानी लिपीत लिहिला की त्याचं ‘फुरोइदे’ होतं. ‘फ्र’ फुटून मध्ये ‘उ’ शिरतो आणि शब्द मात्रेच्या मागे पडतो. जोडाक्षरांत वाढलेल्या आपल्या कानाला ही अडचण चटकन जाणवत नाही. उपाय असा: ‘फ्र’ मात्रेच्या किंचित आधी उच्चारायचा, स्वर बरोबर मात्रेवर यायला हवा. शिवाय पहिले तीन भाग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालतात. गायकवृंद सुरुवातीपासून मंचावर बसला तर गळे थंड पडतात आणि पुढे सोप्रानोंचा लांबवलेला तार स्वर घसरतो. म्हणून बरेच संचालक वृंदाला दुसऱ्या भागानंतर आत घेतात.

आता जर्मनी. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन संगीत-संचालक फुर्टवेंग्लर यांनी हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला बर्लिनमध्ये हीच रचना केली. १९८९ च्या नाताळात, बर्लिनची भिंत खुली झाल्यावर, त्याच शहरात अमेरिकन संचालक बर्नस्टाइन यांनी ‘आनंद’ हा शब्द बदलून ‘स्वातंत्र्य’ गाऊन घेतला. देश तोच, भाषा तीच, मग राष्ट्रीय स्वभावाने यातलं काय समजावता येईल? या दोन तारखा शेजारी ठेव आणि जपानवरचा परिच्छेद नव्याने लिहून पाठव.

सस्नेह